पाण्याच्या पिंपाजवळचा तुकडा

यादवराव, तुमच्या एका रिळाला मी कात्री लावली आहे. ही गोष्ट इतर कोणी तुमच्या नावाने बोलण्याआधी मीच तुम्हाला सांगावी, एवढ्यासाठी लिहायला बसले. विचारल्याशिवाय कोणाच्या चेहऱ्याला हात लावायचा नाही, हा तुमचा नियम. तो पाळत मी तुमच्याबरोबर गावोगाव हिंडले, आणि तुम्हाला विचारण्याची सोय उरली नाही तेव्हा तुमच्याच कामात हात घातला. तुम्ही रागावला असतात. तुमचा राग मला ठाऊक आहे. तुमचा आवाज कधी चढत नसे. तुम्ही चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसू लागायचा, आणि ते पुसणे काही केल्या संपत नसे.

तुम्ही कुठले, काय शिकलात, कसे गेलात, हे शोकसभेत सांगून झाले आहे. मलाही बोलण्याचा आग्रह झाला. नेहमीप्रमाणे नकारार्थी मान हलवून मी मागच्या रांगेत बसून राहिले. एका वक्त्याने तुम्हाला हिंगोलीतले सचोटीचे फोटोग्राफर म्हटले. बसस्थानकामागच्या तुमच्या स्टुडिओत ज्यांनी लग्नाचे आणि नोकरीच्या अर्जाचे फोटो काढून घेतले, त्यांना तेवढे वर्णन पुरेसे वाटले असेल. गावोगावच्या लोकांना तुम्ही त्यांचाच मुका सिनेमा काढून दाखवत होता, त्याबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढले नाही. काहींना ते माहीत नव्हते. काहींना चांगलेच माहीत होते; ते पहिल्या रांगेत बसले होते.

दुष्काळातल्या उन्हाळ्यात तुम्ही आमच्या मुलींच्या शाळेत आला होतात, ते आठवते. मी इतिहासाचे पेपर तपासत होते. तुम्ही खुर्चीवर बसला नाहीत, दारातच उभे राहिलात.

"बाई, मला एक विचारणारी पाहिजे."

"कोणाला विचारणारी?"

"बायांना. दुष्काळी कामावर मी कॅमेरा धरला, का त्या तोंडावर पदर घेऊन राहिल्या. मी बाप्या माणूस. मी विचारलं तर त्या नवऱ्याकडं पाहतात. नवरा मुकादमाकडं पाहतो."

"आणि मुकादम?"

"मुकादम कॅमेऱ्याकडं पाहतो. त्याला लई हौस."

मला हसू आले, आणि त्याच हसण्यात मी अडकले. हे मला जमणार नाही, वर्गाबाहेर चार माणसांत बोलायचे म्हटले की माझ्या घशाला कोरड पडते, चाळिशीनंतर माणूस नवे काय शिकणार, असे सगळे मी तुम्हाला व्यवस्थित समजावून सांगितले. तुम्ही शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणालात, "अशीच पाहिजे. जिला बोलायची घाई न्हाई, तिच्याजवळ बाया बोलतात." दुसऱ्या रविवारी मी तुमच्याबरोबर कळमनुरीच्या बसमध्ये होते.

तुमचा तो किल्लीचा कॅमेरा मी प्रथम पाहिला तेव्हा तो मला खेळणे वाटला होता. नांदेडच्या एका डॉक्टरांनी कंटाळून विकलेला, आठ मिलिमीटरचा. किल्ली पूर्ण दिली तरी थोडा वेळ चाले आणि मग घरघरत थांबे. आवाजाची सोय नाही. सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला कळायला वेळ लागला: त्या फिल्मला निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातून जी फीत जाते, तीच मुंबईला धुऊन टपालाने परत येते आणि तीच पडद्यावर चालते. जगात तिची दुसरी प्रत नाही.

आणि अशा फितीला तुम्ही कात्री लावत होतात.

मी ज्या घरात वाढले तिथे जुन्या पोथ्या लाल फडक्यात बांधून ठेवलेल्या असत. त्या कोणी वाचत नव्हते. पण त्यांचे एक पानही हरवू द्यायचे नाही, ही शिकवण मला लहानपणीच मिळाली होती. त्यामुळे तुमची पद्धत प्रथम पाहिली तेव्हा मला ती नासधूस वाटली. ज्या वस्तीत चित्र घेतले, तिथेच ते पहिल्यांदा दाखवायचे. बाजाराच्या दिवशी, कामे बंद असताना, भर दुपारी विहाराच्या, नाहीतर एखाद्या घराच्या दाराखिडक्यांवर गोधड्या टांगायच्या. मोटारीच्या बॅटरीवर चालवलेल्या प्रोजेक्टरचा मंद उजेड चादरीवर पडायचा. आत उकाडा असा, की लेकरे रडायची आणि बाया पदराने एकमेकींना वारा घालायच्या. सगळे पाहून झाले की तुम्ही कात्री काढून सर्वांना दिसेल अशी पुढे ठेवायचा. ज्याला आपण त्यात नको आहोत, त्याने सांगायचे. तुम्ही तेवढा भाग कापायचा, उरलेली टोके जोडायचा आणि कापलेला तुकडा ज्याचा त्याच्या हातात द्यायचा. कारण विचारायचे नाही. एका तरुण मुलीने, लुगडे फाटके दिसते म्हणून, स्वतःला काढायला लावले. सेनगावकडच्या एका तांड्यात मात्र कोणीच कात्रीकडे पाहिले नाही. उलट एक म्हातारी भांडायला उठली की सगळ्यांच्या शेळ्या आल्या, माझीच शेळी का आली नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी त्या शेळीसाठी पुन्हा गेलात. तुमचे ते मनमोकळे हसणे मला त्या एकाच प्रवासात ऐकायला मिळाले.

आता ती दुपार. गावाचे नाव मी लिहीत नाही. तुम्हीही ते कधी घेतले नाहीत. त्या बाईचे नाव मी कोंडाबाई असे लिहिते, आणि ते तिचे नाव नाही.

रस्त्यासाठी खडी फोडण्याचे काम चालले होते. उन्हात पाण्याचे पिंप ठेवलेले. गावातली माणसे पिंपात भांडे बुडवून पाणी घेत. बौद्ध वस्तीतल्या बायांनी मात्र लांब बसून ओंजळ धरायची आणि पाणक्याने वरून धार धरायची, असा तिथला रिवाज. सरकारी कामावर हे चालते कसे, असे मी तुम्हाला कुजबुजत विचारले. तुम्ही म्हणालात, "बाई, सरकार हितं कुठं हाय? हितं मुकादम हाय." त्या मुकादमाला तुमचा कॅमेरा दिसला. त्याने पाणक्याच्या हातातून भांडे घेतले आणि स्वतःच बायांच्या ओंजळीत पाणी घालू लागला, मान किंचित वाकवून, चेहऱ्यावर दया आणून. "घ्या यादवराव, काढा फोटो. लोकांला कळू द्या, आमी कोणाला तहानेलं ठेवत न्हाई."

तुम्ही काढत राहिलात. रांगेत कोंडाबाईची पाळी आली. तिने ओंजळ धरली नाही. ती उठली, पिंपापाशी गेली, तिथले दुसरे भांडे आत बुडवले आणि उभ्याने पाणी प्यायली. तुमचा कॅमेरा तिच्याकडे वळला. मग तुम्ही तो मुकादमाकडे नेलात. त्याला काही सुचत नव्हते; तो नुसता पाहत होता. पुढच्या क्षणी त्याने तिच्या हातातले भांडे उडवले. तिने ते खडीतून उचलले, पुन्हा बुडवले आणि पुन्हा प्यायली. या वेळी ती सरळ तुमच्याकडे, म्हणजे कॅमेऱ्यात, पाहत होती. तिथे तुमची किल्ली संपली.

त्यानंतर जे घडले ते कोणत्याही फितीवर नाही. मुकादमाने पिंप आडवे करायला लावले. पाणी बाटले म्हणून. दुष्काळात, भर उन्हात, सगळे पाणी खडीत जिरून गेले आणि गावच्या बायाही तोंडाला पदर लावून ते पाहत उभ्या राहिल्या. तुम्ही किल्ली फिरवत होता आणि ती बसत नव्हती. त्या पाण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. पण माझ्या कानांना पुरावा म्हणून कोण विचारणार?

रीळ धुऊन आले तोवर कोंडाबाईला कामावरून काढून पुन्हा घेतले गेले होते. विहारात गोधड्या टांगल्या. चादरीवर ती पाणी प्यायली तेव्हा वस्तीतल्या बायांनी असा गलका केला की लेकरे दचकली. कोणीतरी ओरडले, "आगं, दोनदा पेली की गं भवानी!" दुसरी म्हणाली, "कॅमेऱ्यालाबी इचारती का काय, तुला पायजे का म्हून!" कोंडाबाई स्वतः हसत होती. मी मनात म्हणत होते, हे रीळ जपले पाहिजे, आणखी शंभर वर्षांनी कोणी म्हणेल की असे काही नव्हतेच, तेव्हा हे पुढे ठेवता आले पाहिजे. आणि तुम्ही कात्री पुढे ठेवलीत.

कोंडाबाई म्हणाली, "माझं काढा."

कारण विचारायचे नाही, हा नियम मी त्या दिवशी मोडला. तिच्याजवळ सरकून म्हटले, "काहून, कोंडाबाई? तुम्ही एवढं धाडस केलंत."

"मी पेले ते पेले, बाई. एक बारी पेले. हे चादरीवर जितक्या बारी लावतान, तितक्या बारी मला प्यावं लागंल. आन दर बारीला तकलीफ मलाच. माझं पोरगं त्या मुकादमाच्याच वावरात सालगडी म्हून राहिलं."

तिचे पहिले पिणे आणि भांडे उडवल्यापासूनचे दुसरे, असे दोन्ही तुकडे तुम्ही कापून तिच्या हातात दिलेत. तिने ते गुंडाळून पानाच्या चंचीत ठेवले.

इथे आपली चूक झाली, यादवराव. ती तुमची एकट्याची नव्हती आणि माझी एकटीची नव्हती. आपल्या नियमातच ती दडली होती. कळमनुरीला आठवडी बाजाराच्या दिवशी दुष्काळी कामावरच्या मजुरांचा मेळावा झाला, तिथे तुम्ही ते रीळ लावलेत. कोंडाबाई काढून टाकल्यावर मागे उरले होते ते असे: मुकादम ओंजळीत पाणी घालतो आहे, आणि लगेच त्याचाच चेहरा, एकटक पाहणारा, जणू कोणाची तहान भागली आणि कोणाची राहिली याची काळजी वाहणारा. आपण एक बाई काढली आणि त्या माणसाला संत करून ठेवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी उठून मुकादमाचा नारळाने सत्कार केला. तो तुमच्याकडे आला आणि तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "यादवराव, मला वाटलं व्हतं तुमी दगा करतान. पर बराबर काढलं तुमी."

कोंडाबाई गर्दीत होती. मी तिला उठून जाताना पाहिले. तुम्हीही पाहिलेत.

परतीच्या बसमध्ये जे सुरू झाले ते भांडण अजून संपलेले नाही. मी म्हणाले, ते तुकडे परत मागा, जोडा आणि रीळ डब्यात बंद करून ठेवा. आज दाखवू नका, पण खरे तेवढे शाबूत राहू द्या. तुम्ही चष्मा पुसत राहिलात.

"डबा कोणाच्या घरात राहील, बाई?"

"माझ्या. माझ्या घरी कोणी हात लावणार नाही."

"म्हंजे भीती तिची आन कुलूप तुमचं."

"मग खोटे तसेच राहू द्यायचे? इतिहासाला पुरावा लागतो, यादवराव."

"तुमचं बराबर हाय. पर इतिहास काय तिच्या पोराला उद्या कामावर घेऊन राहिला का? बाई, आपण विचारतो ना बायांना? का नुसतं हो ऐकायसाठी विचारतो?"

मला ते अजूनही पूर्ण पटले आहे असे नाही. तुम्ही ते रीळ पुन्हा कधी लावले नाहीत आणि मोडलेही नाहीत. दर काही महिन्यांनी आपल्यापैकी कोणीतरी तो विषय काढी, दुसरा चहा मागवी, आणि विषय तिथेच राही. तुमची बाजू खरी असेल असे मला अनेकदा वाटले. तसे तुम्हाला एकदाही म्हटले नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या, त्या दिवसांत तुम्ही कॅमेरा बाहेर काढला नाहीत. मी तुमच्यावर नाराज होते. नंतर सुलोचनाबाईंनी, तुमच्या पत्नीने, सांगितले की फोटो असतील तर द्या म्हणून चौकशीला सरकारी माणसे आली, आणि त्यांच्या मागोमाग, ज्यांचे फोटो असू शकले असते तेही आले. दोघांनाही तुम्ही लग्नांचे अल्बम काढून दाखवलेत. सगळे डबे ज्वारीच्या कणगीत, दाण्यांखाली होते. त्यानंतर मी नाराजी आवरली. पण माफी मागायची राहून गेली.

तुम्ही गेल्यावर सुलोचनाबाईंनी डबे माझ्याकडे आणून दिले. "मला त्यातलं काही कळत न्हाई, बाई. पर ते म्हणायचे, बाई वाळवी लागू देणार न्हाईत." तुमच्या तोंडून हे मी प्रत्यक्ष ऐकले असते, तर त्यात टोमणा किती आणि विश्वास किती, ते तरी कळले असते.

मग पुण्याचे ते गृहस्थ आले. सभ्य, अभ्यासू, मृदू बोलणारे. जुनी चित्रे आणि फिती गोळा करून त्यांचा संग्रह उभारण्याचे काम ते करतात. कळमनुरीच्या त्या मेळाव्याबद्दल त्यांनी कोणाकडून तरी ऐकले होते. "दुष्काळातल्या माणुसकीचा असा चालता-बोलता पुरावा दुसरीकडे कुठेही नाही," असे ते म्हणाले. रीळ पुण्याला नेऊन नीट थंड खोलीत ठेवू, पुढच्या पिढ्या पाहतील. मी ज्या शब्दांत तुमच्याशी भांडत होते, तेच शब्द ते वापरत होते. डब्याला वाळवी लागणार नव्हती. खोटे मात्र कायमचे टिकणार होते.

नाही म्हणणे मला आयुष्यात कधी जमलेले नाही. मी एवढेच म्हटले की नेण्यापूर्वी एकदा स्टुडिओत लावून पाहू. त्यांना आनंद झाला. "उत्तम! चित्रात जे पाणी वाटताना दिसतात, ते सद्‌गृहस्थ इथेच असतात असे कळले. त्यांनाही निमंत्रण देतो." तुम्ही ज्याला मुकादम म्हणत होतात त्याला आता लोक चेअरमनसाहेब म्हणतात. तुमच्या शोकसभेत तो पहिल्या रांगेत होता.

त्याच आठवड्यात मी कोंडाबाईकडे गेले. यादवराव, तुमच्यावाचून विचारायला जाण्याची ती माझी पहिली वेळ. अंगणात ती तुरीच्या शेंगा सोलत होती. मी सगळे सांगितले, चेअरमन येणार हेही सांगितले. तिचे हात थांबले नाहीत.

"तुकडे मागायला आल्या का?"

"विचारायला आले."

"न्हाई देनार." तिने चंची उघडली, पानांच्या खालून ती गुंडाळी काढली आणि उन्हाकडे धरली. "हे बगा. मुंगीएवढी दिसून राहिले. नातीला दावते मी. ती म्हंती, आजी, ह्यातलं पाणी दिसत न्हाई. हे माझं हाय. मी मेल्यावर नातच काय ते ठरवंल."

घरून जो विचार करून आले होते, तो बोलून टाकावा की नाही, हे ठरेना. शेवटी म्हटले, "तुमचा चेहरा नको. पण तिथे काहीतरी काढलेले आहे, हे तरी दिसू द्या. तुमच्या जागी काळी फिल्म जोडते. तेवढा वेळ पडदा काळा राहील."

तिने माझ्याकडे रोखून पाहिले. "आत्ता गं बया! माझ्या तोंडाला काळं फासता का, बाई?"

मी गडबडून माफी मागू लागले तशी ती खो खो हसायला लागली, आणि मग हसू आवरून पुन्हा शेंगा सोलू लागली.

"पोरगं आता त्याच्याकडं न्हाई," ती म्हणाली. "पर माझं घर त्याच्याच शिवाराला लागून हाय. मागल्या साली कशा राती काढल्या, माझं मला म्हाईत."

"म्हणून तर विचारते. तुम्ही नाही म्हणालात तर मी रीळच देणार नाही."

"देऊ नका म्हनलं तर तुमी त्या पुन्याच्या पाव्हण्याला न्हाई म्हनतान का? तुमी?"

मी ढिगातली एक शेंग उचलून सोलू लागले.

"त्या मुकादमाला म्हाईतच हाय कोन व्हती ती. त्याला फकस्त हे म्हाईत न्हाई का दुसऱ्या कोनालाबी आठवून राहिलं." तिने लुगड्याच्या काठातून दोरा ओढला. एक तुकडा मांडीवर सरळ केला, दोरा त्याच्याशी लावून दातांनी तोडला. मग दुसरा तुकडा, दुसरा दोरा. दोन्ही माझ्या हातात ठेवले. "दोनदा पेले मी. दोनदा अंधार करा. येवढाच. कमी न्हाई. माझं नाव घेऊ नका. पर नुसता अंधार करू नका, लोकं म्हनतान बत्ती गेली. बोला तितं."

"मी?"

"मंग कोन? यादवराव येनार हायेत का?"

हे पत्र छापायलाही द्यायचे आहे; त्याआधी ते मी तिला वाचून दाखवले. गाव आणि नाव गाळले आहे ना, याची तिने दोनदा खात्री करून घेतली. शेळीचे ऐकून ती म्हणाली, ते राहू द्या.

काळी फिल्म कुठून आणायची, हा प्रश्न सुलोचनाबाईंनी सोडवला. तुमच्या कपाटाच्या तळाशी एक अख्खे रीळ होते, पूर्ण काळे. "कुरुंद्याला हळद शिजवतानी गेले व्हते. दिसभर कॅमेरा फिरवला, आन काचेवरचं झाकन काढायचंच इसरले! मुंबईहून हे आलं तवा मला म्हनले, कोणाला सांगू नको. टाकूनबी देत नव्हते." हे सांगताना त्या हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. ती तुमची कुरुंद्याची हळद आम्ही दोघींनी दोऱ्यांच्या मापाने कापली. सांधे मी जोडले. तुमच्यासारखे सुबक आले नाहीत.

यात तुमचा नियम मोडला की पाळला, हे मला सांगता येत नाही. पुण्याच्या गृहस्थांना मी आधीच सांगितले होते की रिळात थोडी दुरुस्ती केली आहे. ते जरा हिरमुसले. "मूळ जसे आहे तसे असावे, बाई," असे म्हणाले. मी म्हटले की हेच त्यातल्या त्यात मूळ आहे. "आणि हे न कापता, न झाकता ठेवणार असाल, तरच रीळ तुमचे," असेही त्यांना म्हटले. त्यांनी ते मान्य केले, बहुधा माझा आवाज इतका कापत होता म्हणून.

दुपारी स्टुडिओचे दार लावून घेतले. तुम्ही लग्नाच्या जोडप्यांना बसवायचा त्या लाकडी बाकावर चेअरमन बसला, शेजारी पाहुणे. सुलोचनाबाई दाराशी, दिव्याच्या बटणाजवळ उभ्या होत्या. त्यांच्या शेजारीच प्रोजेक्टर मी चालवत होते. खडी फोडणारे हात आले, उन्हातले पिंप आले, मग तो आला, मान वाकवून पाणी घालणारा, आताहून तरुण. बाकावरून समाधानाचा हुंकार आला. "बगा, तवापासूनच समाजकार्याची आवड."

पडदा काळा झाला.

प्रोजेक्टर टकटकत होता. आता मला बोलायचे होते. शब्द घरी पाठ केले होते. त्यातला एकही सापडेना. तो पहिला अंधार, कोंडाबाईच्या दोऱ्याएवढा, मी मुकाट्याने जाऊ दिला. मग त्याचा चेहरा आला. पूर्वी त्या चेहऱ्यात काळजी दिसली होती. चित्र तेच होते, एका चौकटीचाही फरक नव्हता. पण काळोखातून अचानक बाहेर आलेला तो चेहरा आता कोणावर तरी डोळे रोखून होता, आणि त्यात दया नव्हती. पाहुणे पुढे झुकले. बाक करकरला.

पुन्हा काळे झाले.

"काय झालं?" चेअरमनचा आवाज आला, हसरा, पण घाईचा. "फिल्म तुटली का बत्ती गेली? लावा ना बाई दिवा."

सुलोचनाबाईंचा हात बटणाकडे गेल्याचे मला जाणवले. मी तो धरला.

"बत्ती गेलेली नाही," मी म्हणाले. आवाज माझाच होता. "इथे एक बाई पाणी पिते आहे. थांबा. तिचे पिऊन होऊ द्या."